गार बोनेट

गाड्या आपसांत बोलायच्या, त्या काळची गोष्ट. जुन्या गाड्यांच्या बाजारात एक राखाडी गाडी नुसती तळमळत उभी होती. इंजिन दांडगं, पण रूप अगदी साधं. शेजारची लाल गाडी सकाळपासून डरकाळ्या फोडत होती.

"अगं, तूही गुरगुर की! नाहीतर इथंच गंजशील," लाल म्हणाली.



तेवढ्यात घाटातल्या वाड्यांवर बाळंतपणं करणाऱ्या अनसूयाबाई आल्या. त्यांनी लाल गाडीच्या बोनेटवर हात ठेवला. "ही तापवून ठेवलीय. मला गार असताना एका हाकेला उठणारी हवी."

मग त्यांनी गारठलेल्या राखाडीची किल्ली फिरवली.

"अगं, सुरू तरी झालीस का?" लाल खिदळली.

पण ऐकायला राखाडी होतीच कुठं? ती बाईंना घेऊन केव्हाच घाटाला लागली होती.