भिंतीवरची कुयली

मुलांनो, शेजाऱ्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसायची सवय तुमच्यातल्या पुष्कळांना आहे, हे मला ठाऊक आहे. त्यावरून तुम्ही बोलणीही खाल्ली असतील, आणि ती बहुतेक योग्यच असतील. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगतो. तुमच्या घरच्या मोठ्या माणसांनी शेजारी बसून ऐकली तरी माझी हरकत नाही.

नदीच्या वळणावरच्या जंगलात एक सायाळ आपल्या पिल्लाला घेऊन बिळात राहत असे. सायाळ म्हणजे अंगभर काटे असलेले ते जनावर, ज्याला कोणी साळिंदरही म्हणतात. तिला पिल्ले दोन झाली होती, पण आदल्या हिवाळ्यात तरसाने बीळ उकरून एक नेले. त्यानंतर तिने नदीकाठचे दगड ढकलत ढकलत वर आणले, चिखलात बसवले आणि बिळाभोवती चांगली उंच भिंत घातली. मागच्या बाजूला मूळचा खडकच होता, तेवढी एक बाजू तिला रचावी लागली नाही. दगड रचताना तिचे पंजे सोलून निघाले. पण आता ती संध्याकाळी चरायला जाताना पिल्लाला निर्धास्तपणे आत ठेवून जाऊ शके.

समोरच्या वडावर वानरांची टोळी होती. टोळीचा म्होरक्या एक थोराड हुप्प्या होता. पोरे वयात आली, की तो त्यांच्यावर दात विचकून धावून जाई आणि त्यांना वडावरून कायमचे घालवून देई. वानरांची रीतच आहे तशी. त्या वर्षी घालवून दिलेल्या चार-पाच तरण्या वानरांचे टोळके सायाळीच्या भिंतीवर येऊन बसू लागले. दिवसभर तिथेच पाय सोडून बसायचे, उंबरे खाऊन देठ आत टाकायचे, एकमेकांना ढकलायचे. या धसमुसळेपणात वरचा एखादा दगड निसटून आत पडे. सायाळ रात्री हिंडणारी आणि दिवसा झोपणारी. दगड पडला की ती दचकून उठे, आणि आधी पिल्लू जागेवर आहे का ते बघे.

"उतरा रे खाली!" ती ओरडे. "ही भिंत काय तुमच्यासाठी घातलीय?"

"नुसते बसलोय, मावशी," एक जण म्हणाला. "बसल्याने भिंत झिजते होय?" बाकीचे खिदळले.

त्यांच्यात एक तुटक्या शेपटीचा होता, त्याला सगळे बांडा म्हणत. तो तेवढा खाली उतरला आणि पडलेला दगड उचलून त्याने जागेवर ठेवला. "लावला बघ, मावशी. आता नाही पाडणार." दुसऱ्या दिवशी त्याच्याच धक्क्याने आणखी दोन दगड पडले. खोटे कशाला सांगू? पोरे वाईट नव्हती, पण त्रास मात्र खरा होता.

सायाळ वडाखाली जाऊन हुप्प्याला म्हणाली, "पोरं आवर तुझी. माझं घर पाडतील एखाद्या दिवशी."

"वडावरून घालवली तेव्हाच ती माझी राहिली नाहीत," हुप्प्या वरूनच म्हणाला. "तुझी भिंत, तू बघ." वरच्या एका फांदीवर एक वानरीण बसली होती. ती काहीतरी बोलणार होती, पण हुप्प्याने मान वळवून पाहिले तशी गप्प झाली.

मग एका दुपारी भिंतीचा कोपराच ढासळला. एक धोंडा झोपलेल्या पिल्लाच्या अगदी डोक्याजवळ येऊन पडला. पिल्लू वाचले, पण सायाळीचा जीव उडाला. आता मात्र हे पुरे झाले, असे तिने ठरवले.

ओढ्यालगतच्या वेलींवर खाजकुयलीच्या शेंगा वाळल्या होत्या. या शेंगांवर बारीक सोनेरी लव असते. ती अंगाला लागली की आग आग होते, आणि खाजवावे तशी ती वाढतच जाते. सायाळ त्या शेंगांत लोळली, काट्यांवर अडकवून त्या घरी घेऊन आली आणि भिंतीच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून तिने कुयली पसरली. मागचा खडकही तिने सोडला नाही.

सकाळी पोरे आली, बसली, आणि एकदम किंचाळत खाली पडली. कोणी धुळीत लोळू लागले, कोणी झाडाच्या सालीवर अंग घासू लागले. बांड्याने त्याच हातांनी डोळे चोळले, त्याचे डोळे सुजून मिटले. "मावशी, हे काय केलंस गं!" तो रडत म्हणाला.

"बसा की आता!" सायाळ आतून म्हणाली.

पोरे गेली ती परत आली नाहीत. तिचे सगळेच चुकले असे मी म्हणत नाही. घर तिचे होते, पिल्लू तिचे होते, आणि तिने सांगून पाहिले होते.

पण दोन-चार दिवसांनी नदीकाठची टिटवी तिच्याकडे आली.

"ती पोरं आता डोहातल्या कातळावर बसतात," टिटवी म्हणाली. "त्या डोहात मगर आहे. मी ओरडून ओरडून थकले, ती मलाच वेडावतात. तू बोलाव त्यांना परत."

"मी? एवढा आटापिटा करून घालवली ती परत बोलवायला?"

"भिंतीवर नको. मागच्या खडकावर बसू दे. तो काही ढासळत नाही. तेवढी कुयली पुसून टाक."

सायाळीने मागे वळून खडकाकडे पाहिले. खडक खरोखरच ढासळणारा नव्हता. मग ती म्हणाली, "आज खडकावर बसवलं, तर उद्या डोक्यावर बसतील. माझ्या भिंतीवर नाहीत ना? मग ती कुठे का बसेनात."

टिटवी उडून गेली. मुलांनो, या गोष्टीत मला राग येतो तो इथे. कुयली पसरली तेव्हा सायाळीला मगरीचे ठाऊक नव्हते. आता ते ठाऊक झाले होते.

पुढे एका कडक उन्हाच्या दुपारी नदीकडून वानरांचा कालवा ऐकू आला. पाण्यात काहीतरी आदळल्याचा आवाज झाला, मग पुन्हा किंकाळ्या. सायाळीने एक डोळा उघडला. 'घालताहेत धिंगाणा तिकडे,' असे मनात म्हणून तिने कूस बदलली. पुष्कळ दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

ऊन उतरल्यावर ती बाहेर पडली, तर भिंतीवर कोणीतरी बसलेले दिसले.

"ए, उतर खाली!" ती सवयीने ओरडली. मग तिने नीट पाहिले. ती वडावरची वानरीण होती. तिचे हात सुजले होते, मांड्यांवर लाल चट्टे उठले होते, पण ती खाजवत नव्हती.

"उतरते," वानरीण म्हणाली. "थोडा वेळ बसू दे."

"अगं, तिथे कुयली आहे. अंगाची आग होईल."

"होऊ दे." वानरीण वडाकडे बघत होती. "इथून माझी फांदी दिसते. मला वाटायचंच तसं, आज बसून पाहिलं. त्याला वडावरून घालवला तेव्हा तो म्हणाला होता, आई, मी समोरच्या भिंतीवर बसेन, तू फांदीवर बस, म्हणजे रोज दिसू एकमेकांना. मग तो दिसेनासा झाला. टिटवीने सांगितलं, कातळावरूनही वड दिसतो थोडासा, म्हणून तिथे बसतात. आज धीर करून खाली उतरले, त्याला भेटायला निघाले. मी पोचेपर्यंत मगरीने नेलं त्याला."

"कुणाला?" सायाळीने विचारले, पण तिला कळले होते.

"माझ्या बांड्याला," वानरीण म्हणाली. "डोळे अजून नीट उघडत नव्हते त्याचे. पाण्यात काय आहे ते दिसलंच नाही त्याला."

तरसाने आपले पिल्लू नेले, त्या दिवशी सायाळ स्वतः अशीच उकरलेल्या मातीवर बसून राहिली होती. तिने भिंतीवर चढून तोंडानेच कुयलीच्या शेंगा ओढून काढायला सुरुवात केली. तिचे ओठ सुजले, जीभ सुजली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी ती थांबली नाही. "बस," ती कशीबशी म्हणाली. "हवं तितका वेळ बस."

पण वानरीण उठली, खाली उतरली आणि वडाकडे निघून गेली.

त्या दिवसापासून भिंत स्वच्छ आहे. मागच्या खडकावर सायाळीने मऊ गवत पसरून ठेवले, पण उरलेली पोरे ते जंगल सोडून गेली होती. पिल्लू सुखरूप वाढले. भिंतीचा एकही दगड पुन्हा हलला नाही. सायाळीला मात्र दिवसा झोप लागेना. कुठे एखादा दगड पडल्याचा आवाज येतो का, म्हणून ती कान देऊन पडून राही.

तात्पर्य : दुसऱ्याच्या भिंतीवर चढू नये, कारण त्या भिंतीआड कोणाचा तरी जीव झोपलेला असतो, आणि आपल्या भिंतीवरून कोणाला उठवलेच, तर तो आता कुठे जाऊन बसेल, हे विचारल्याशिवाय पाठ फिरवू नये.