गोधडीच्या कोपऱ्यातले सात दाणे

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी गोष्टीत काही फरक पडला नसता. समुद्राच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं. दोन्ही राजांचं भांडण नव्हतं, फारसं सख्यही नव्हतं. मधून जहाजं जायची-यायची, एवढाच काय तो संबंध.

अलीकडच्या किनाऱ्यावर एक बंदर होतं आणि बंदराला लागून एक छोटी पेठ. मोठा व्यापारी तिथं औषधालाही नव्हता. कुणी काथ्याचे दोर वळायचं, कुणी करवंटीचे डाव करायचं. पेठेचा कारभार बघणारे शेटे तेवढे पितळी समया विकायचे, म्हणून ते स्वतःला मोठे समजायचे. समजेनात का, त्याला पैसे थोडेच पडतात! आणि पेठेच्या अगदी टोकाला, गवताने शाकारलेल्या घरात, चिमाक्का गोधड्या शिवायची.

चिमाक्काचा टाका असा बारीक, की गोधडी उलटी धरली की सुलटी ते कळू नये. जुनी लुगडी ती तीन पाण्यांतून काढायची, उन्हात वाळवायची, थरावर थर घालायची आणि धावदोरा घालत बाहेरून आत जायची. शेवटी एक कोपरा उरायचा. त्या कोपऱ्यात ती सुपातले सात तांदूळ मोजून ठेवायची आणि वर तांबडं त्रिकोणी ठिगळ शिवून टाकायची. तिच्या सासूने शिकवलं होतं, "उपाशी गोधडी ऊब देत नाही गं. तिच्या पोटात चार दाणे पडू देत." सासूच्या सासूनेही तेच शिकवलं होतं. त्या किनाऱ्यावर दाण्यावाचून गोधडी कुणी शिवतच नसे.

एका वर्षी तांडेलाने, म्हणजे जहाजाच्या कप्तानाने, पलीकडून एक पुडकं आणलं. त्यात एक जुनं हिरवं लुगडं होतं, गोधडीची पुरी किंमत होती आणि एक निरोप होता. किनाऱ्यावरचीच एक लेक लग्न होऊन पलीकडच्या राज्यात गेली होती. तिने कळवलं होतं, "मला दिवस गेलेत. आई आता नाही. तिचं हे एकच लुगडं माझ्यापाशी आहे. बाळाला त्याची गोधडी करून द्या."

चिमाक्काने जीव ओतून गोधडी शिवली. लुगड्याचा पदर बरोबर मधोमध घेतला, म्हणजे बाळाचं डोकं त्यावर येईल. कोपऱ्यात सात दाणे घातले, ठिगळ लावलं आणि गाठोडं तांडेलाच्या हवाली केलं. आलेल्या पैशांची तिने कौलं घेतली. तिचं छप्पर दर पावसाळ्यात गळायचं. यंदा कौलं चढवायची, असा तिचा पक्का बेत होता. कौलं दारात रचून ठेवली होती आणि येता-जाता ती त्यांच्याकडे बघून घ्यायची.

महिन्याभराने तांडेल परत आला. त्याचा चेहरा पडलेला होता.

"चिमाक्का, तुझं गाठोडं पलीकडच्या जकातनाक्यावर अडकलं."

"अडकलं? का म्हणून?"

"त्या मुलखात बाहेरचं धान्य, बी-बियाणं, पेंढा काही म्हणजे काही चालत नाही. मागे एकदा असल्या मालातून कीड आली आणि त्यांचं उभं पीक खाऊन गेली. तेव्हापासून नाकेदार डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. तुझ्या गोधडीवरून एक किडा चालताना दिसला. झालं, गाठोडं कोठडीत! येत्या अमावास्येला अडकलेला सगळा माल जाळणार आहेत."

"माझ्या गोधडीत किडा?" चिमाक्का ताडकन उठली. "तीन पाण्यांतून काढते मी कापड! कापूस नाही की भुसा नाही, निव्वळ लुगडी आणि दोरा. तुमच्या जहाजावरचा असेल किडा!"

"असेलही," तांडेल म्हणाला. "पण त्या बाईने निरोप दिलाय. गोधडी मिळणार नसेल तर पैसे परत करा. आणि जमलं तर आईचं लुगडं तेवढं वाचवा. रडत होती बिचारी."

चिमाक्काला वाईट वाटलं, पण रागही आला. हा काय न्याय! तिने गोधडी शिवली होती, वेळेवर पोचवली होती. ती तरातरा शेट्यांच्या दुकानात गेली.

शेट्यांच्याही समया त्याच नाक्यावर अडकल्या होत्या, पण ते पान लावत निवांत बसले होते. "चिमाक्का, आपल्या पेठेचा नियम काय? शीड भरलं, की आपलं काम सरलं. जहाज सुटल्यावर मालाचं काय होईल ते घेणाऱ्याचं नशीब. आज तू पैसे परत दिलेस, की उद्या प्रत्येक गिऱ्हाईक दारात उभं राहील."

"आणि तुमच्या समया?"

"पितळेत कुठून आलीय खोट? माझा माल चोख आहे, असं मी कळवून टाकलंय. तूही तसंच कळव आणि गप्प बस."

शेट्यांचं बोलणं चिमाक्काला पटलं. पटायला सोपं होतं, नाही का? ती घरी आली, दारातली कौलं एकदा मोजली आणि हातातली दुसरी गोधडी पुरी करायला बसली. ही गावातल्याच एका घरी द्यायची होती. दुपारपर्यंत धावदोरा कोपऱ्याशी आला. तिने सवयीने सूप पुढे ओढलं आणि सात तांदूळ उचलले.

सातवा दाणा बोटांतच राहिला.

तिने तळहात उजेडात धरला. त्या दाण्याला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. आत किडा होता.

'निव्वळ लुगडी आणि दोरा,' असं चिमाक्का छातीठोकपणे म्हणाली होती, आणि आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंही नव्हतं. कसं वाटेल? हे दाणे तिच्या लेखी धान्य नव्हतेच. धान्य म्हणजे शिजवायचं, खायचं. हे दाणे म्हणजे गोधडीचाच एक टाका. आंघोळीला दागिने उतरवताना बाई मंगळसूत्र त्यांत मोजते का? तसंच ते.

पण नाकेदाराच्या लेखी तांदूळ म्हणजे तांदूळ.

ती तशीच सूप घेऊन शेट्यांकडे गेली. "अहो शेटे, चूक माझीच आहे. दाणे मीच घातलेत."

शेट्यांनी आधी दार ओढून घेतलं. "हळू बोल! हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"मग कुणाला कळूही देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची! कबूल केलंस की पैसे तर जातीलच, वर नाक्यावर तुझ्या नावाला बट्टा लागेल. पुन्हा पलीकडून एक गोधडी कुणी मागवणार नाही."

चिमाक्का म्हणाली, "मूठ माझी झाकलेली राहील शेटे, पण जळेल त्या पोरीच्या आईचं लुगडं."

"तुझं छप्पर गळतंय ते बघ आधी," शेटे म्हणाले. आणि मंडळी, खोटं कशाला सांगू, छप्पर खरंच गळत होतं.

ती घरी आली. जेवणात मन लागेना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगीच नाही. दुसऱ्या सकाळी तिने कौलवाल्याला बोलावलं आणि कौलं परत घ्यायला लावली. त्याने थोडी कुरकुर करून घेतली. पैशांची पुरचुंडी कमरेला खोचून ती पंतोजींच्या शाळेत गेली. तिला लिहिता येत नव्हतं.

पंतोजींनी सगळं ऐकून बोरू शाईत बुडवला. "असं लिहितो, 'नजरचुकीने काही दाणे आत राहून गेले.' बरं दिसेल ते."

"नजरचूक कसली पंतोजी? मोजून घातलेत. सात. तसंच लिहा. डाव्या हाताचा खालचा कोपरा, तांबड्या ठिगळाखाली. दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि त्यातला एखादा किडका असणार, तेही लिहा."

"अगं, ही तर गुन्ह्याची कबुली झाली!"

"मग? गुन्हा केलाय तर कबुलीच होणार. आरती थोडीच होणार आहे!"

पंतोजी हसले आणि त्यांनी ती म्हणाली तसंच लिहून दिलं.

तांडेलाची ती पावसाळ्याआधीची शेवटची खेप होती. चिमाक्काने त्याच्या हातात पत्र दिलं आणि पैशांची पुरचुंडी दिली. "पत्र नाकेदाराला आणि पैसे त्या पोरीला. गोधडी सुटो न सुटो, पैसे तिला द्यायचे. आणि तांडेलदादा, तुमच्या जहाजावर मी उगीच आळ घेतला. माफ करा."

तांडेल म्हणाला, "अमावास्येआधी पोचलो तर बघू. वारा कसा मिळतो त्यावर आहे."

जहाज गेलं आणि पाठोपाठ पाऊस आला. आता नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडेपर्यंत कसलीच बातमी येणार नव्हती. चिमाक्काच्या घरात चार ठिकाणी गळायला लागलं. तिने तीन ठिकाणी भांडी ठेवली, चौथ्यासाठी भांडं उरलं नाही. शेटे छत्री घेऊन दारावरून जाताना म्हणायचे, "काय चिमाक्का, खरेपणाने ऊब येतेय ना?" ती भरलेलं भांडं अंगणात रिकामं करायची. तिला एकच घोर लागला होता, की तांडेल वेळेत पोचला असेल का. पावसात भिजायचं दुःख तिला नव्हतं असं नाही. होतं. पण ते दुसऱ्या नंबरचं होतं.

नारळी पौर्णिमा झाली. समुद्र शांत झाला आणि काही दिवसांनी शीड दिसलं. सगळी पेठ धक्क्यावर जमली. शेटे सगळ्यांत पुढे.

"माझ्या समया सुटल्या का?" त्यांनी तांडेलाला विचारलं.

"शेटे, समया तुम्ही भाताच्या पेंढ्यात बांधल्या होत्या. पेंढ्यात लोंब्या होत्या, लोंब्यांत दाणे. नाकेदाराने तीनदा निरोप धाडला, की काय कशात बांधलंय ते सांगा. तुमचं एकच, माल चोख आहे. अमावास्येला पेंढा जाळला आणि समया वितळवून नाक्याच्या दाराला घंटा केली. आवाज मात्र छान आहे."

पेठेतले लोक इकडेतिकडे बघू लागले, कारण हसायची चोरी होती. शेट्यांनी छत्री उघडली, आणि ऊन तर काही फार नव्हतं.

चिमाक्का पुढे आली. "वेळेत पोचलात का?" तिने विचारलं.

"पोचलो गं," तांडेल म्हणाला. "दोन दिवस आधी पोचलो. नाकेदाराने तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणाला, 'माझ्या कोठडीत साठ गाठोडी पडलीत. साठही जण म्हणतात, आमच्या मालात काही नाही. मग मी कुठे शोधू? शोधता येत नाही म्हणून सगळंच जाळावं लागतं. नेमकं कुठे बघायचं ते सांगणारी ही पहिलीच.' मग त्याने कात्री घेऊन तांबडं ठिगळ उसवलं. सहा दाणे धड निघाले आणि सातवा पोखरलेला. तेवढे आगीत टाकले, गोधडी दोन दिवस तिकडच्या कडक उन्हात घातली आणि सोडून दिली."

चिमाक्काने दर्याला हात जोडले.

"आणि हे घे," असं म्हणून तांडेलाने तीच पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. "ती पोर म्हणाली, गोधडी मिळाल्यावर पैसे कसले ठेवून घेऊ? मुलगी झालीय तिला. आणखी एक निरोप आहे. म्हणाली, 'चिमाक्का, कोपरा उसवलेला बघून आधी जीव हळहळला. माझी आईसुद्धा गोधडीत दाणे घालायची. मग आमच्या इथल्या शेतातले सात दाणे आणले, माझ्या हाताने आत ठेवले आणि ठिगळ शिवून टाकलं. इथल्या दाण्यांना इथं कुणाची हरकत नाही. तुमची गोधडी उपाशी नाही, काळजी करू नका.'"

चिमाक्काने पदर डोळ्यांना लावला आणि ती सगळ्यांदेखत रडली. सगळा पावसाळा भिजली तेव्हा रडली नव्हती.

त्या वर्षी तिच्या घरावर कौलं चढली. पाऊस सरता सरता चढली, पण चढली. पलीकडून गोधड्यांची मागणीही येत राहिली, कारण नाकेदारच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "गोधडी घ्यायची तर तिच्याकडून घ्या." तेव्हापासून चिमाक्काने एक नवी रीत पाडली. समुद्रापलीकडे जाणाऱ्या गोधडीचा एक कोपरा ती उघडाच ठेवायची, आणि त्यात दोरा ओवलेली सुई टोचून द्यायची. ज्याची गोधडी, त्याने आपल्या मातीतले दाणे घालावेत आणि शेवटचा टाका आपल्या हाताने घालावा. पुढे सगळी पेठ तसंच करू लागली.

शेटे पुढच्या वर्षी पंतोजींकडे गेले आणि पेंढ्याची सगळी हकिगत लिहून घेऊन आले म्हणतात. पण घंटेच्या समया होत नाहीत.

बोध असा, की आपली चूक कुठे आहे ते आपणच दाखवावं. दाखवलेली चूक तेवढीच उसवून काढता येते, झाकलेली मात्र सगळ्या मालासकट जळते.