राजाने पुसलेला वार

अरे थांब, ऐक तरी आधी! चहा कुठे पळून चाललाय? गोष्ट फार फार जुनी आहे, पण माझं डोकं आत्ता तापलंय.

समुद्रात एक बेट होतं आणि बेटावर एक राजा. तिथे काही यहुदी राहायचे, धंद्याने तेली. सहा दिवस घाणा चालवायचा आणि सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, शब्बाथ. त्या दिवशी चूल नाही, घाणा नाही. बैलालासुद्धा सुट्टी!

कोणाचं काही बिघडत होतं का? नाही. पण राजाला झोंबलं. "सहा दिवस माझं ऐकतात आणि सातव्या दिवशी दुसऱ्याच कोणाचं?"

मग त्याने काय करावं? शनिवारच रद्द केला! दवंडी पिटली : आजपासून आठवडा सहा दिवसांचा. शुक्रवारनंतर थेट रविवार. शनिवारचं जो नाव काढेल तो तळघरात. वार म्हणजे काय याच्या बापाची जहागीर?

महिन्याभरात सगळे वार असे भरकटले, की खरा सातवा दिवस कोणता ते कोणाला कळेना. कळत होतं फक्त सिपोराला. ही एकटी विधवा, स्वतःचा घाणा स्वतः चालवणारी. ती मनातल्या मनात दिवस मोजायची. सहावा दिवस मावळायला आला, की दारोदार जाऊन म्हणायची, "चिमूटभर मीठ द्या गं." बायका समजायच्या. पडदा ओढून दिवा लावायच्या. दुसऱ्या दिवशी कोणाचा बैल लंगडायचा, कोणाचा घाणा अडकायचा, सगळी काम थांबवायची निमित्तं!

पण कोणीतरी चुगली केली. शिपायांनी तिचा घाणा कुऱ्हाडीने फोडला आणि तिला तळघरात टाकलं. तिथे खिडकी नाही, उजेड नाही. भाकरी कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. मुद्दाम! तिची मोजणी मोडावी म्हणून. ती मोजत राहिली, मोजत राहिली आणि एकदा तापाने फणफणली. जाग आली तेव्हा आकडा हातातून निसटला होता. मार खाऊन न रडलेली बाई त्या दिवशी रडली.

मग एका सकाळी तिला सोडून दिलं. मोजणी मोडली, आता हिची भीती कसली?

ती तेल्यांच्या आळीत आली, तर सगळे घाणे करकरत होते. म्हातारे हसाजीकाका धावत आले. "आलीस गं बाई! सांग, आज वार कोणता?"

"मलाच विचारता? तुम्ही नाही मोजलं?"

काकांनी मान खाली घातली. "आम्हाला वाटलं, तू मोजतेयस."

"वा! मी एकटी कोठडीत आणि तुम्ही सगळ्यांनी शब्बाथसुद्धा माझ्याबरोबर कोठडीत पाठवलात?"

एकदा गेलेला दिवस शोधायचा तरी कुठे?

तेवढ्यात टापा वाजल्या. घोड्यावर नाईक, मागे चार शिपाई. दारोदार कान लावून बघत होते, घाणा चालू आहे ना.

सिपोराने हसाजीकाकांच्या बायकोला, काकूंना हळूच विचारलं, "हे रोज येतात?"

"रोज कुठे? सहा दिवस फिरकत नाहीत मेले. सातव्या दिवशी बरोबर उगवतात."

सिपोरा बघतच राहिली आणि मग मोठ्यांदा हसली. सरळ हसाजीकाकांच्या घाण्यापाशी गेली. बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढली, मानेवरचं जू उतरवलं. घाणा थांबला.

"ए बाई!" नाईक ओरडला. "बैल का सोडलास?"

"आज शब्बाथ आहे."

"कोणी सांगितलं? तो वार या राज्यात नाही!"

"नाही ना? मग नाईकसाहेब, तुम्ही नेमके आजच कसे आलात?"

आळीत आधी काकू हसल्या, मग सगळेच. शेजारचा घाणा थांबला. मग पलीकडचा. मग अख्खी आळी गप्प.

नाईक तसाच दरबारात धावला. "महाराज, तेल्यांनी शनिवारी घाणे..."

संपलं! भर दरबारात नाव काढलं. राजाचाच कायदा, राजाचीच दवंडी. नाईकाची रवानगी तळघरात. त्यानंतर तेल्यांच्या आळीत जायला एक शिपाई तयार होईना. तक्रार तरी कोणत्या वाराची करणार? तेव्हापासून दर सातव्या दिवशी ती आळी शांत असायची, उघड उघड.

सिपोराच्या फोडलेल्या घाण्याची भरपाई मात्र राजाने कधीच केली नाही. माफीसुद्धा मागितली नाही! सांग, राग येणार नाही तर काय?

बोध एवढाच : दुसऱ्याची श्रद्धा पुसायला निघालेल्यालाच ती रोज आठवावी लागते, पण ती जपायचं काम आपलं, एकावर सोडायचं नाही.

आता खरं सांग हं. समोर घोड्यावर नाईक बसलाय आणि जूवर तुझा हात आहे. तू काय केलं असतंस?