डोक्याने दार लावणारी मुंगी

एका जंगलात, मोहाच्या झाडाखाली, मुंग्यांचे एक शहर होते. केवढे मोठे? तर मुलांनो, पूर्वेच्या टोकाकडून नवरी निघाली की पश्चिमेच्या टोकाला पोहोचेपर्यंत तिची आजी झालेली असे! खोटे वाटत असेल तर चालून पाहा, मी इथेच बसलो आहे. या शहराच्या मोठ्या दाराला ना फळी, ना कडी. तिथे थोराड डोक्याची एक राखणदार मुंगी राहत असे. तिने भोकात डोके घट्ट बसवले, की झाले दार बंद.

एके वर्षी शहरात पांढऱ्या बुरशीची साथ आली. भेटेल तिच्या मिशांना मिशा लावून ख्यालीखुशाली विचारायची, ही मुंग्यांची जुनी रीत. त्या रीतीनेच रोग घरोघरी गेला. मग लहान दारे मातीने लिंपली आणि मोठ्या दारात राखणदारणीने डोके घातले. चाळीस दिवस ते तिने हलवले नाही. साथ ओसरू लागली, पण कोठारही रिकामे झाले. तेव्हा एक मुंगळा तिच्या पाठीमागे येऊन ओरडू लागला, "मावशी, डोकं काढा! बाहेर मोहाची फुलं सडताहेत आणि तुम्ही दारात झोपा काय काढताय?"

"मढी उचलणाऱ्या किती दिवस रिकाम्या बसल्यात?" मावशीने मान न वळवता विचारले.

"पाच."

"बारा होऊ देत."

तेवढ्यात अळ्या सांभाळणारी दाई पुढे आली. "बाई, बारा दिवसांनी दार उघडाल, पण माझी पिल्लं नसतील. कालपासून त्यांच्या तोंडात कण नाही."

मावशीचे एवढे मोठे डोके, पण असा पेच त्यात कधी शिरला नव्हता. अखेर तिने मान जराशी कलती केली. एक मुंगी अंग चोरून जाईल एवढी फट पडली. "फक्त दहा जणी. मध्ये दहा पावलांचं अंतर. आणलेलं उंबऱ्याबाहेर उन्हात ठेवायचं, आणि आल्यावर तीन दिवस बाहेरच्या खोलीत. मिशा आपापल्याजवळ!"

"दहा जणींवर शहर जगणार?" मुंगळा फिसकारला.

"आधी पिल्लं जगतील. तुझं पोट नंतर."

पिल्लांना घास मिळाला. चार दिवसांनी वीस जणी गेल्या. पण नवव्या दिवशी आतून एक मढे निघाले आणि मावशीने डोके पुन्हा घट्ट बसवले. मुंगळ्याने तर तिला मागून कडकडून चावाच घेतला. "उघडता काय, लावता काय! एकदाच काय ते ठरवा ना!"

"रोज ठरवते रे बाबा," मावशी कळ सोसत म्हणाली. "चुकलं तर मागे घेते."

तीन दिवस मढे निघाले नाही, तशी फट पुन्हा पडली. हळूहळू रुंदावली. मग लहान दारेही एकेक करून फुटली. भुकेने एकही पिल्लू गेले नाही, हे मात्र मी तिखटमीठ न लावता सांगतो आहे.

मुंगळ्याची पाळी सर्वांत शेवटी आली. तो मोहाचे फूल घेऊन परतला, ते उन्हात ठेवून मुकाट्याने बाजूला बसला. मागून आलेली एक मुंगी लाडाने मिशा पुढे करू लागली, तसा तो टुणकन मागे उडाला. "दहा पावलं! दहा पावलं! शहर काय तुझ्या एकटीचं आहे?"

तात्पर्य : संकटात दार लावायला धीर लागतो, पण ते कधी, किती उघडायचे आणि चुकल्यास न लाजता पुन्हा लोटायचे, याला त्याहून मोठा धीर लागतो.