ऊनजाईच्या पाटातले शिंपले

चांदीची अंगठी, पैंजण काही असेल तर आधी काढून ठेवा. इथल्या वाफेने चांदी काळी पडते आणि मग लोक माझ्यावर खेकसतात. मी इथला गुरव आहे, सोनार नव्हे.

हे ऊनजाईचे कुंड. हात घालू नका, पोळेल. कडेला जमलेली पिवळी साय गंधकाची आहे, आणि वासही त्याचाच. कुंडातून निघून खाली भातशेतीकडे जातो तो पाट. त्याच्या तोंडाशी शिंपल्यांचा बांध दिसतोय ना? इथून खाडी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तर डोंगरात शिंपले कुठून आले, हे प्रत्येक जण विचारतो. म्हणून बसा जरा.

पूर्वी हे पाणी ऊन होते, पण गोड होते, असे सांगतात. त्यावर उन्हाळ्यातले वायंगण भात पिकायचे. एके वर्षी जमीन हलली. भिंती पडल्या नाहीत, पण कुंडाला वास येऊ लागला आणि पाणी चिंचेसारखे आंबट झाले. पाटाकडेचे गवत जळाले, मग भाताची रोपे पिवळी पडली.

दर पुनवेला एका घराने कुंडात दूध ओतायचे, अशी तेव्हाची रीत. त्या पुनवेला पाळी जनायच्या घराची होती. जनाय विधवा, करारी बाई. तिच्या घरी नुकतीच सून आली होती, येसू, खाडीकाठच्या गावची. दूध ओतायला तिला पुढे केले. दूध पाण्यात पडले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नासले. चोथापाणी झाले आणि पांढऱ्या गाठी वर तरंगू लागल्या.

आंबट पाण्यात दूध नासणारच. ताकाचे विरजण रोज लावणाऱ्या बायका तिथे उभ्या होत्या, पण देवीच्या कुंडाला घरचे नियम लावायचे कोणाला सुचले नाही. देवीने हिच्या हातचे नाकारले, असे मानकऱ्यांनी ठरवले. वड्याचे तेल वांग्यावर. पोरगी पांढऱ्या पायाची ठरली. नवरा मूग गिळून बसला, आणि जनायच म्हणाली, "हिला हिच्या म्हायेरी धाडा. हिच्या म्हायेरचं कायपन घरात नको."

येसूच्या बापाने लग्नात शिंपल्यांची रास दिली होती. ते भाजून चुना करायचा आणि नव्या घराला लावायचा, असा बेत होता. ती रास आता अंगणात काढली. परत कशी न्यायची? पाटाचे तोंड घरामागेच होते. येसूने टोपल्या भरभरून ती सगळी पाटाच्या तोंडाशी ओतली. काही जण म्हणतात, देवीने तिला दृष्टान्त दिला. मला विचाराल तर तिला राग आला होता, आणि यावा असाच होता. शिंपल्यांवर पाणी आले तसे ते फसफसू लागले. देवी कोपली म्हणून लोक पळाले. येसू मागे न पाहता खाडीची वाट चालू लागली.

पुढे काही दिवसांनी जनायला आपल्या खाचरात हिरवे दिसले. पाट तिथेच आधी पोचत होता. तिने पाणी चाखले, तर आंबटपणा उतरला होता. बाई करारी होती, पण आंधळी नव्हती. पुढच्या पुनवेला पाळी दुसऱ्याची असताना ती दुधाचा तांब्या घेऊन कुंडावर गेली आणि सगळ्या गावासमोर अर्धा ओतला. दूध नासले. मग उरलेले शिंपल्यांच्या खालच्या बाजूला पाटात ओतले, ते चांगले राहिले.

ती मानकऱ्यांना म्हणाली, "माज्याबी हातनं नासलं. आता मलाबी म्हायेरी धाडा."

ती त्याच पावली खाडीवर गेली. व्याह्याच्या अंगणात उभी राहून काय म्हणाली ते कोणाला ठाऊक नाही. येसू लगेच आली नाही म्हणे, आणि का यावे? जनाय तिथेच राहिली, खाडीत उतरून शिंपले गोळा करत. शेवटी दोघी आल्या तेव्हा भरलेली टोपली सासूच्या डोक्यावर होती आणि सून हात हलवत पुढे चालत होती.

मागे कॉलेजची मुले कागदाच्या पट्ट्या बुडवून गेली. सांगत होती की सगळा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा. खालून येणारा गंधकाचा वायू पाण्यात मिसळतो आणि त्याचे तेजाब होते. शिंपल्यातला चुना ते तेजाब मारतो. बरोबरच असणार. शिंपल्यांवर पाण्यातल्या लोखंडाचा तांबडा गंज चढला की ते फसफसायचे थांबतात, तेव्हा दरसाल नवे घालावे लागतात, एवढी भर मी घातली.

आजही या गावात सून आली की घरात जाण्याआधी तिला इथे आणतात. टोपली सासूच्या डोक्यावर असते. शिंपले पाटात पडले की सासू कुंडात दूध ओतते, स्वतःच्या हाताने, आणि सगळा गाव ते नासताना बघतो. सुनेला जवळ उभे करतात, तिला नीट दिसायला हवे. मग सासू रिकामा तांब्या तिच्या हाती देते आणि म्हणते, "बगितलंस ना? चल आता घरी."