टेकडीवरचं पांढरं घर

गावं समुद्राला विचारून वसायची, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

खाडीच्या तोंडाशी एक लहानसं गाव होतं. टेकडीवर चुन्याने रंगवलेलं एक घर होतं. त्यात कुणी राहत नव्हतं. ते कुणी बांधलं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून ते कुणाचंच नव्हतं. गावात रीत पडली होती, की नवं घर बांधणाऱ्याने तिथला एक चिरा आणून आपल्या उंबऱ्याखाली बसवायचा. शकुनाचा चिरा.

चिरे जात राहिले. छप्पर कोसळलं. शेवटी समुद्राकडची तेवढी एक भिंत उरली.

त्या गावातली एक कोळीण नवं घर बांधत होती.

"बाय, तो चिरा राहू दे," तिचा नवरा म्हणाला. "हवा धुरकट झाली की खडक दिसत नाहीत. त्या पांढऱ्या भिंतीच्या रोखानेच आम्ही होड्या आत घेतो."

"अख्ख्या गावाने नेले तेव्हा भिंत पडली नाही. माझ्या एका चिऱ्याने पडेल होय?"

"तुझा काय भरवसा," तो हसला आणि समुद्रावर गेला.

ती टेकडीवर गेली. खालचा एक चिरा सैल होता, तोच तिने ओढला. टेकडी उतरते न उतरते, तोच मागे भिंत कोसळल्याचा आवाज झाला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. हवा स्वच्छ होती. संध्याकाळी नवरा आला की त्यालाच सांगू, असं तिने ठरवलं.

दुपार कलली आणि समुद्रावर धुरकं उतरलं. तिने चुलीवर भात ठेवला, तसाच उतरवला. दाराशी गेली, परत आली. किनाऱ्यावर बायका जमल्या होत्या.

"घाबरू नका गं," एक म्हातारी म्हणाली. "वर भिंत आहे."

बोलावं की नाही, या विचारात कोळणीचा आणखी थोडा वेळ गेला.

"भिंत नाही," ती शेवटी म्हणाली. "सकाळी पडली. माझ्या हातून."

बायका जुनं पांढरं शीड घेऊन टेकडीवर धावल्या आणि भिंतीच्या जागी ते ताणून उभ्या राहिल्या. वाऱ्याने हात सोलले, तरी शीड सोडलं नाही.

धुरक्यातून एकेक होडी आत आली. तिच्या नवऱ्याची होडी नेहमी सगळ्यांच्या पुढे असायची. शीड वर चढण्याआधीच ती खडकावर फुटली होती.

तो बुडाल्यावर बायका तिला समजावत होत्या. "तुझा एकच चिरा, बाय. आम्हीही नेलेच होते की."

"म्हणूनच तर त्याच्यावाचून मला कुणी अडवलं नाही," ती म्हणाली.

त्यानंतर गावाने टेकडीवर पुन्हा घर बांधलं. त्याचा चिरा आजवर कुणी हलवलेला नाही.

लहानांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: जे सगळ्यांचं असतं, त्यातलं थोडंसं नेणारा प्रत्येकजण ते सगळंच नेत असतो.