वगळलेली मेख

एका राज्यात, नाव विचारू नका, नाव घेण्याजोगं त्याने काही केलं नव्हतं, विहिरीविहिरीच्या तळाशी तांब्याची एकेक मेख ठोकलेली होती. मेख मंतरलेली. घाव बसला की शेजारच्या गावचं पाणी जमिनीखालून सरपटत यायचं आणि मेखेच्या विहिरीत उभं राहायचं. एका गावाने मेख आणली म्हणून दुसऱ्याने आणली, दुसऱ्याने आणली म्हणून तिसऱ्याने. वर्षातून एकदा मेखपूजा असे. बाया हळदकुंकू वाहत, गूळखोबरं वाटलं जाई, आणि पाटील विहिरीत उतरून मेखेवर एक घाव घाली. लोक हात जोडून म्हणत, पाणीदेवते, आमच्याकडे ये. कुणाकडून ये, ते कुणी म्हणत नसे.

त्या राज्यात माळसांगवी नावाचं गाव होतं आणि त्याच्या खालच्या अंगाला तळसांगवी; त्या एका गावाला तेवढी मेख परवडली नव्हती. माळसांगवीत धुरपदा राहत असे. तिची धाकटी बहीण ठकू तळसांगवीत दिली होती. दोघींच्या दारांमध्ये हाकेचं अंतर. माळसांगवीची मेखपूजा थाटात झाली, पाटलाने दणकून घाव घातला, धुरपदाने स्वतःच्या हाताने गूळखोबरं वाटलं, आणि दुसऱ्या सकाळी तळसांगवीची विहीर खडखडीत कोरडी झाली.

आता त्या राज्यात शाप असा होता की ज्या गावाची शेवटची विहीर आटेल, त्या गावची माणसं टिटव्या होतील. झाली. घरं उघडी, चुली धुमसत्या, आणि आभाळात टिटव्यांचा थवा ओरडत निघाला. त्यातली एक धुरपदाच्या अंगणात उतरली.

"ठकू," ती टिटवी म्हणाली.

धुरपदाच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं बाई! ठके, तू?"

"विहीर आटली. माणसं उडाली," टिटवी म्हणाली आणि चोच मिटून बसली.

तिने अक्का म्हणून हाक मारली नाही. जन्मात जिने अक्का म्हटल्याशिवाय पुढचा शब्द काढला नाही, तिने नाही मारली. धुरपदाच्या जिव्हारी लागलं. मग गावच्या जाणत्या म्हातारीने तिला शापाचा नियम समजावला. टिटवीने एक शब्द उच्चारला की तो तिच्यापुरता संपला, पुन्हा तिच्या चोचीत येत नाही. शाप सुटेल तेव्हा जिच्या पोटात एक तरी शब्द उरला असेल, ती माणूस होईल. जिचे सगळे संपले, ती जन्माची टिटवी.

"म्हणजे गप्प बसवा तिला," म्हातारी म्हणाली. "आणि शाप सोडवायचं बघा. ज्याचं त्याचं पाणी परतलं की तो सुटेल."

धुरपदा तडक पाटलाकडे गेली. "पाटील, मेख उपटा. माझी बहीण पाखरू झाली हो!"

पाटील वाईट माणूस नव्हता, आणि तेच तर दुखणं होतं. तो डोळे पुसत म्हणाला, "धुरपदाबाई, आज उपटतो. पण आपण उपटली की आपलं पाणी वरच्या गावाची मेख ओढून नेणार. उद्या आपण टिटव्या. सगळ्या राज्याने एका दिवशी उपटली तरच काही खरं. तसा हुकूम फक्त राजा काढू शकतो."

खांद्यावर बहिणीला घेऊन धुरपदा राजधानीला निघाली. तिच्या मागोमाग तळसांगवीचा सगळा थवा निघाला. त्यात ठकूचा नवरा रखमाजीही होता.

राजधानीत मात्र पाण्याची लयलूट. राजवाड्याचा तलाव काठोकाठ भरलेला, कारंजी उडताहेत, हत्ती डुंबताहेत. राजा मणिकेतू सिंहासनावर बसून उसाचा रस पीत होता. धुरपदाने पदर सावरला आणि मागणं मांडलं.

"महाराज, एकेका गावाने भागायचं नाही. साऱ्या राज्याला एक कायदा करा. एका दिवशी, साऱ्या मेखा बाहेर."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान म्हणाला, "बाई, तुझ्या गावाला नवी, लांब मेख देतो. तुझं भागेल."

"माझं एकटीचं भागवायला आले नाही मी."

"मग तीन ठिकाणची संमती आण," राजा म्हणाला. "डोंगराची, नदीची आणि मेखा घडवणाऱ्या मांत्रिकाची. त्यांच्या अटी कायद्यात घालू."

धुरपदा डोंगराकडे गेली. डोंगर उघडाबोडका, अंगभर ओघळ पडलेले. ती म्हणाली, बोला देवा. डोंगर बोलेना. मग तिने पायथ्याशी वाहून आलेली माती पाटीत भरली आणि डोक्यावरून माथ्यावर नेऊन टाकली. पुन्हा उतरली, पुन्हा नेली, डोक्यावरची चुंबळ झिजेपर्यंत. तेव्हा डोंगर म्हणाला, "माझं अंग मला परत देणारं प्रथमच कुणी आलं. उतारावर आडवे बांध घाला. माथ्यावरच्या रानाला कुऱ्हाड लावू नका. राजा हे लिहून देईल तर माझं हो."

नदी वाळूखाली निजली होती. धुरपदाने हातांनी झिरा खणला. नखं गेली, बोटं सोलवटली, तेव्हा कुठे तळाशी ओल दिसली आणि ओलीतून आवाज आला. "माझी वाळू उपसू नका. आणि पाटाचं पाणी आधी शेवटच्या शेताला, पाटलाच्या शेताला सगळ्यात मागून. तुमच्या आज्यापणज्यांची रीत होती ती. विसरलात. ती परत आणाल तर माझं हो."

मांत्रिक एका कोरड्या बारवेच्या तळाशी बसला होता. ओठ फुटलेले. त्याच्या स्वतःच्याच मेखांनी त्याची बारव पिऊन टाकली होती. धुरपदाला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. तिने पखालीतला उरलासुरला घोट त्याला पाजला.

"ज्याच्या हाताने मेखेवर शेवटचा घाव बसला, त्याच्याच हाताने ती निघेल," तो म्हणाला. "सगळ्या एका दिवशी काढा. एक जरी राहिली तर साऱ्या राज्याचं पाणी त्या एकीकडे धावेल. माझं हो आहे. पण सर्वांत मोठी मेख राजाच्या तलावात आहे. सोन्याची. दर वर्षी राजा तिच्यावर घाव घालतो. तो काढेल?"

"काढायला लावीन," धुरपदा म्हणाली.

अहो, डोंगर बोलता करणं सोपं, नदी जागी करणं सोपं. दरबार हलवणं म्हणजे काय, ते तिला अजून कळायचं होतं.

तिन्ही संमत्या ऐकून राजा म्हणाला, "उत्तम. आता प्रधान साक्ष ऐकतील. ही टिटवी खरोखर माणूस होती, याला पुरावा काय?"

धुरपदा हबकली. "महाराज, तिला बोलायला लावू नका. बोललेला शब्द तिला परत मिळत नाही." ती राजवाड्याच्या कठड्याकडे वळली. तिथे तळसांगवीचा थवा ओळीने बसला होता. "अरे, तुम्ही इतके जण आहात. एकेक शब्द बोललात तरी पुरे! रखमाजीराव, तुम्ही तरी बोला."

कठड्यावर चोची मिटलेल्या. रखमाजीने मान पंखात घातली.

तेव्हा ठकू धुरपदाच्या खांद्यावरून उडाली आणि दरबाराच्या मधोमध बसली. "आमच्या गावात पाणी नाही," ती स्पष्ट म्हणाली.

प्रधानाने मान डोलावली. पण सेनापती उशिरा आला होता. तो म्हणाला, "मी ऐकलं नाही. पुन्हा सांग."

पुन्हा कसं सांगणार? ते शब्द गेले होते. ठकूने दुसरे शोधले. "घागर रिकामी. लेकरं तहानली."

पुढच्या दरबारात राजपुरोहित म्हणाले, "आम्ही त्या दिवशी अनुष्ठानात होतो. नव्याने ऐकू." त्याच्या पुढच्या दरबारात कोठीवाला म्हणाला, टिटवी जे बोलली ते गोंधळाचं आहे, कधी पाणी म्हणते, कधी घागर म्हणते, साक्ष एकसारखी नाही. मेल्यांनो, शब्द एकसारखे ठेवायला तुम्ही तिच्याजवळ ठेवले होते का? ठकू बोलत राहिली. माती म्हणाली, भेगा म्हणाली, गुरं म्हणाली. प्रत्येक शब्दागणिक तिचा आवाज बारीक होत गेला. धुरपदा तिला पदराखाली झाकून बाहेर नेई, कुरवाळी, रडे. "ठके, बस झालं गं. एक तरी ठेव." ठकू तिच्याकडे टुकूटुकू बघे.

शेवटी ठकूपाशी बोलण्यासारखं काही दिसेना, आणि त्याच दरबारात हुकूम निघाला. प्रधानाने वाचून दाखवला. डोंगराचं रान राखावं. उतारावर बांध घालावेत. नदीची वाळू उपसू नये. पाटाचं पाणी आधी शेवटच्या शेताला. मेखपूजेच्या दिवशी राज्यातल्या समस्त मेखा काढाव्यात, राजवाड्याची वगळून.

"वगळून?" धुरपदा ओरडली. "महाराज, मांत्रिकाने काय सांगितलं ते मी आपल्या तोंडावर सांगितलंय! एक राहिली तर सगळं पाणी तिच्याकडे येईल."

"येऊ दे," राजा हसून म्हणाला. "पाण्याने कधी कुणाचं वाईट झालंय? आणि राजवाड्याला नि खेड्याला एकच नियम कसा असेल, बाई?"

दरबार हसला. धुरपदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण भालदारांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

मेखपूजेचा दिवस उजाडला. हुकूम राजाचा, तेव्हा कुणी मागे राहिलं नाही. गावोगावचे पाटील विहिरीत उतरले, ज्या हाताने घाव घातला त्याच हाताने मेख उपटली आणि वर येऊन वाट बघू लागले. विहिरी भरल्या नाहीत. उलट होतं ते पाणीही जमिनीत शिरून पळत सुटलं, तळाशी जेमतेम घोटभर उरलं. साऱ्या राज्याच्या जमिनीखालून एकच घरघर राजधानीकडे निघाली.

राजवाड्याचा तलाव फुगला. पायऱ्या गेल्या, बाग गेली, पाणी दरबारात शिरलं. प्रधान खांबावर चढला. सेनापती हत्तीवर चढला आणि हत्ती घाबरून पळाला. राजा गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून किंचाळत होता, "मेख काढा! कुणीतरी मेख काढा!"

पाणबुडे उतरले. मेख हलेना. हलणार कशी? घाव त्यांचा नव्हता.

धुरपदा गर्दी तोडून पाण्यात घुसली आणि तिने राजाचं मनगट पकडलं. "कुणीतरी नाही, महाराज. तुम्ही. चला खाली!"

"मला भीती वाटते," राजा म्हणाला.

"तळसांगवीलाही वाटली होती. चला!"

तिने त्याला ओढत तलावाच्या राजवाड्याकडच्या कडेला नेलं आणि पायाने तळ चाचपत मेख शोधली. राजाने श्वास घेतला आणि बुडी मारली. धुरपदा त्याच्या कमरेचा शेला धरून उभी राहिली. तिची पाठ राजवाड्याच्या उंच भिंतीकडे होती. पाया पाण्याने भिजून गेला होता, आणि भिंत तिच्या अंगावर कलत होती. तिला दिसलं नाही. कठड्यावरच्या सगळ्या टिटव्यांना दिसलं. रखमाजीला दिसलं.

"अक्का!"

त्या हाकेसरशी धुरपदाने शेला सोडला आणि बाजूला झेप घेतली. भिंत जिथे ती उभी होती तिथे कोसळली. पाण्याचा लोट उसळला, आणि त्या लोटातून राजा वर आला. त्याच्या हातात सोन्याची मेख होती.

घरघर थांबली. मग पाणी मागे फिरलं. जमिनीखालून ज्याच्या त्याच्या गावी निघालं, आणि कुणाच्या वाट्याचं कुणाकडे राहिलं नाही. शाप सुटला. कठड्यावरून तळसांगवीची माणसं एकामागून एक उतरली, हातपाय चाचपत, एकमेकांना मिठ्या मारत. प्रत्येकाच्या पोटात शब्दांची रास शिल्लक होती, कारण कुणी एकही खर्चला नव्हता.

ठकू चिखलात उभी होती. लाल चोच, पिवळे पाय. धुरपदा गुडघे टेकून तिच्यासमोर बसली. "ठके, मी अक्का. बघ ना माझ्याकडे." टिटवी बिचकली, पंख फडफडवून दूर जाऊन बसली आणि दुसऱ्या कुठल्याही टिटवीसारखी टिवटिव करू लागली. आपल्याजवळ एकच शब्द राखून ठेवलाय, आणि तो कोणता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. धुरपदा तिथेच चिखलात हंबरडा फोडून रडली.

राजाने नवा हुकूम काढला. त्यात वगळून हा शब्द नव्हता. तो दगडावर कोरून चौकाचौकात उभा केला. उतारांवर बांध पडले, माथ्यावर गवत धरलं, पाटाचं पाणी शेवटच्या शेताला आधी पोचू लागलं. दरबारी भाट गाऊ लागले की महाराजांनी जिवाची पर्वा न करता राज्य वाचवलं. प्रधानाने त्यांना शालजोडी दिली.

धुरपदा आपल्या गावी परतायला निघाली. वाटेत रखमाजीने तिला गाठलं. तो रडत होता, आणि खोटं नव्हतं ते रडणं.

"धुरपदाबाई, माझा संसार मोडला हो," तो म्हणाला. "तिला काय गरज होती बोलायची? आम्ही सगळे गप्प बसलो. तीही बसली असती तर आज माणूस असती."

धुरपदा थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या ओंजळीत पाणी होतं, वाटेतल्या भरल्या विहिरीचं.

"ती गप्प बसली असती, रखमाजीराव," ती म्हणाली, "तर तुम्ही आज पाखरू असता. प्या ते पाणी."

आणि त्याने ते प्यायलं, कारण तहान लागली होती. पाणी पोचलं, राज्य सावरलं, बोलणारी तेवढी गेली. ऐकलंत, आता ज्याने त्याने आपापल्या विहिरीत वाकून बघावं.